काढणीआधीचं पाणी

"मावशी, टेम्पो निघाला. एक सांगायचं राहिलं. बागेला पाणी दिलंय."

विलासचा फोन होता. विलास नाशिककडचा बागायतदार. कल्याणच्या मार्केटात माझा फळांचा गाळा आहे, त्याची द्राक्षं मीच विकते.

"काढणी तोंडावर असताना पाणी? डोकं फिरलं का तुझं?"

"कालव्याच्या पाण्याची पाळी आली हो. सगळ्यांनी घेतलं. आपली पाळी सोडवते का?"

मणी लहान असताना पाणी लागतंच, नाहीतर ते फुगत नाहीत, वजन भरत नाही. गोडी भरताना पाणी कमी करतात आणि काढणीआधी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताणातल्या वेलीला एकदम पाणी मिळालं की ती घटाघटा पिते. गोडी पातळ होते, साल ताणून फाटते. बारीक तडे काढताना दिसत नाहीत. प्रवासात दाब बसला की रस गळतो आणि खालचा घडही नासतो.

थोड्या वेळात पाटकर येणार होते. ठाण्यातल्या एका मॉलचे ते खरेदीवाले. माझा निम्म्याहून जास्त माल तेच उचलायचे. ते तुटले तर गाळा बंद.

टेम्पो लागला. वरचे क्रेट छान होते. खालच्याला हात लावायची हिंमत होईना. लावला. बूड ओलं. आंबूस वास. वरचेच दाखवावेत, असं मनात आलं. पण मॉलमध्ये सडलेला घड निघाला असता तर पाटकर कायमचेच तुटले असते.

पाटकर आले. "वा, मावशी! मस्त दिसतोय माल."

"खालचा उचला."

त्यांनी उचलला. बोटं चिकट झाली. एक मणी तोंडात टाकला. "अहो, ही द्राक्षं की पाणी?"

"पाणीच. घेऊ नका."

"दुसरा कोणी असता तर गळ्यात मारला असता," ते म्हणाले आणि शेजारच्या गाळ्यावर गेले. माल डोंबिवलीच्या ज्यूसवाल्यांनी पडेल भावात नेला. पाटकर त्या सीझनला फिरकले नाहीत. रोज सकाळी वाटायचं, आज शटर उघडायचं तरी कशाला?

यंदा काढणीआधी विलासचा फोन आला. "मावशी, पाळी आली. पाणी शेजाऱ्याला दिलं." आवाज रडवेला होता.

"रड खुशाल. कॉक उघडू नको."

त्याचा माल आला तेव्हा पाटकरही आले. नमस्कार नाही, काही नाही, थेट खालचाच क्रेट ओढला. बूड कोरडं होतं.

द्राक्षाला पाणी द्यावंच लागतं. शेवटी ते तोडावंही लागतं, दारात आलं तरी.