डिग्रीवरची बाई

"ही डिग्री तुमची नाही," खिडकीपलीकडची ओमानी मुलगी इंग्रजीत म्हणाली. आवाज इतका गोड होता की मला आधी वाटलं, काहीतरी चांगलंच सांगते आहे. तिने माझा पासपोर्ट आणि माझं बी.ई.चं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि पेनाच्या टोकाने एकेक शब्द दाखवला. पासपोर्टवर तीन शब्द, प्रमाणपत्रावर तीन शब्द. एकही शब्द जुळत नव्हता.

मी कपाळावर हात मारला. तिला हसू आलं. मला येत नव्हतं.

आमचं काय चाललं होतं ते सांगते. नवऱ्याच्या कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद करायचं ठरवलं होतं. मी आणि मुलगी इथे मस्कतमध्ये त्याच्या व्हिसावर. तो गेला की आमची रेसिडेन्स कार्डंही गेली. मुलगी दहावीत. कार्ड नसेल तर शाळा ठेवत नाही, आणि दहावीची नोंदणी नववीतच झालेली असल्यामुळे आता भारतातलं केंद्र मिळणार नाही, असं शाळेने स्पष्ट सांगितलेलं. म्हणजे तिचं वर्ष गेलं. वाचवण्याचा एकच मार्ग होता, मी. अझैबा भागातलं एक कन्सल्टंट ऑफिस मला स्ट्रक्चरल डिझाइनला घ्यायला तयार होतं. पुण्यात मी सात वर्षं तेच काम केलेलं, नंतर घरी बसून आरसीसीची ड्रॉइंग्ज करत राहिलेली. पण इथे इंजिनीअर म्हणून व्हिसा हवा तर आधी परवान्याची परीक्षा, आणि परीक्षेला बसायचं तर आधी पात्रता, ती ठरवणारी ही खिडकी. परीक्षेची मला भीती नव्हती. बीम आणि कॉलम मला झोपेतही येतात. मी अडकले ती नावात.

लग्नात तबकातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. तेव्हा मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. आत्याने बारशाला ठेवलेलं माझं मूळ नाव जुनाट होतं, कॉलेजात मुलं चिडवायची. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, आडनाव बदललं, आणि पहिलं नाव तांदळात गेलं. अशा रीतीने मी संपूर्ण बदलले आणि मांडवातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होते.

"मग मॅरेज सर्टिफिकेट आणा," खिडकीतली ती मुलगी म्हणाली. "त्यावर जुनं आणि नवं दोन्ही असेल."

नव्हतं. ते घरी काढून बघितलं तेव्हा कळलं. फॉर्म नवऱ्याने भरलेला. वधूचं नाव या रकान्यात त्याने सरळ नवं नाव टाकलेलं.

"अरे, लग्नाआधीचं नाव लिहायचं असतं तिथे!"

"तू तेव्हा माझी बायको झाली होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता हेच नाव."

त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले. त्या सर्टिफिकेटवर पुढे माझा पासपोर्ट निघाला होता. गॅझेटमध्ये नाव बदलल्याचं छापून आणायला आम्ही कधी गेलोच नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे जिने इंजिनिअरिंग केलं ती आणि जी मस्कतमध्ये राहते ती, या दोन बायका एकच आहेत असं सांगणारा एकही कागद जगात नव्हता.

मी कराडला धाकट्या भावाला फोन केला. तो बिचारा गॅझेटच्या अर्जामागे लागला, प्रतिज्ञापत्र केलं, शिक्क्यांसाठी मुंबईच्या खेपा घातल्या. एक दिवस त्याचा फोन आला. "ताई, गॅझेटला वेळ लागतोय. तोपर्यंत लग्नपत्रिका चालेल का? त्यात भावोजींच्या नावाशेजारी तुझं जुनं नाव आहे बघ!"

बुडत्याला काहीही चालतं. त्याने पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवलं, इथल्या भाषांतरवाल्याने त्याचं अरबी केलं, आणि मी फाइल घेऊन परत त्याच खिडकीपाशी. ती मुलगी बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ही चिसौकां कोण?"

मी म्हटलं, कोण चिसौकां? तिने कागद फिरवून दाखवला. भावाच्या नोटरीने चि. सौ. कां. मधली टिंबं गाळून एक सलग शब्द केला होता, आणि अरबीत ते माझं पहिलं नाव झालं होतं. आता आम्ही तीन बायका झालो होतो. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी म्हणजे काय हे मी तिला इंग्रजीत समजावायला लागले. दीर्घायुषी, आणि सौभाग्याची इच्छा करणारी. बोलता बोलता मी तिथेच, रांगेतल्या सगळ्या पुरुषांसमोर, रडायला लागले.

तिने मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "तुमचे वडील तुमच्यावर रागावले होते का?"

मला कळेना. ती म्हणाली, "आमच्यात लग्न झालं तरी मुलीचं नाव तेच राहतं. ती शेवटपर्यंत बापाची मुलगी. तुमच्या वडिलांचं नाव तुमच्यावरून कुणी काढलं?"

मला आठवले ते इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला माझ्याबरोबर दोन दिवस रांगेत उभे राहिलेले वडील. मुलीला सिव्हिल कशाला, असं म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना त्यांनी गप्प केलं होतं. आणि लग्नात त्या तबकाशेजारी उभे राहून हसत होते. त्यांनाही काही वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, कुणी काढलं नाही, आमच्यात तसंच असतं. मला स्वतःचाच राग आला.

तिने तिच्या वरिष्ठांशी बोलून पत्रिकेचा नाद सोडायला लावला आणि गॅझेट आलं की थेट मेल करायला सांगितलं. मग मी वाट बघत बसले. दिवसातून दहादा भावाला फोन. नवरा संध्याकाळी यायचा, माझं तोंड बघायचा आणि काही न विचारता चहा करायला घ्यायचा. अखेर गॅझेट आलं, मी त्याच तासाला पाठवलं, आणि आठवड्याने सकाळी अकरा वाजता मेल आली. पात्र. दोन्ही नावं कंसात शेजारी शेजारी. परीक्षा तीन आठवड्यांनी.

मी धावत जाऊन नवऱ्याला फोन लावला. "अरे, झालं! पात्र ठरले मी!"



"अगं," तो म्हणाला, "मी आत्ताच सही केली. व्हिसा कॅन्सलेशनला गेला."

"आज? महिनाअखेरीला जाणार होता ना?"

"ते म्हणाले, आज सही केली तर पैशांचा शेवटचा हिशेब लवकर होईल. मला वाटलं... तुझं काही होईल असं वाटलंच नाही मला."

मी त्याच्या एचआरवाल्याला फोन केला. "भाईसाब, सिर्फ तीन हफ्ते. हाथ जोडती हूँ."

"मॅडम, सिस्टिम में चढ गया. खलास. अब मेरे हाथ में नहीं है."

मेल मी पुन्हा उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की परीक्षेच्या दिवशी रेसिडेन्स कार्ड चालू असणं आवश्यक. खिडकीतल्या त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, कार्ड चालू नसेल तर अर्ज बंद होतो, नवा करावा लागतो. आणि मग, "सॉरी मॅडम, खरंच सॉरी."

दुपारी मुलगी शाळेतून आली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, तिला कसं सांगायचं ते शब्द जुळवत. लॅपटॉप टेबलावर उघडाच राहिलेला. तिने दप्तर टाकलं, वाकून वाचलं.

"मम्मा! यू आर एलिजिबल!" ती किंचाळली. मग तिच्या मोडक्या मराठीत, "म्हणजे आपण राहणार? मी एक्झाम इथे देणार?"

 माझं गप्प राहणं तिला होकार वाटलं. ती येऊन माझ्या गळ्यात पडली, लहान असताना पडायची तशी, सगळं वजन टाकून, आणि मग फोन घेऊन बाल्कनीत पळाली. मैत्रिणीला सांगत होती, जाणं कॅन्सल, सेंड-ऑफ कॅन्सल, मम्माने करून दाखवलं. हसत होती, नाक ओढत होती, पुन्हा हसत होती. कितीतरी आठवड्यांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

मी दारापर्यंत गेले. तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी तिला तो फोन पूर्ण करू दिला.