नखभर वरचं तेल

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी बाबा टेम्पोपाशी आलेच नाहीत. आई आली, शेजारपाजार आला, कपाट दोरीने आवळताना चौघांनी चार सूचना केल्या. बाबा मात्र खाली नदीकाठी पंपाचं इंजिन चालवत बसले होते. शेवटी मीच धावत खाली गेले, तर त्यांनी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. काकडीच्या वाफ्यात पाणी कुठवर गेलं ते बघत ओरडून म्हणाले, "जा! इंजिन चालतंय तवर मी हितंच हाय." मी रडायच्या तयारीने गेले होते, पण त्या फटफटाटात रडणार कसं? तशीच वर आले आणि टेम्पोत बसले.

आम्ही काही साता समुद्रापार गेलो नव्हतो. पडघ्याच्या आतल्या बाजूचं गाव सोडून काल्हेरला फ्लॅटमध्ये आलो, एवढंच. तालुकासुद्धा तोच. कोणी दुबईला गेलं की त्याच्या आठवणी ऐकायला लोक मांडी ठोकून बसतात; आम्हाला कोण विचारतंय! पण गावातून उठून असंच जवळपास गेलेले तुम्ही असाल, तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते. मला गावातल्या गावातच दिली होती, त्यामुळे सासर आणि माहेर एकाच टेम्पोमागे सुटलं. इथे आल्यावर शेजारणीशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि घरात पोरं आपापसात बोलतात तीही हिंदीच. दिनेश, माझा नवरा, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागला. त्याची कधी दिवसाची शिफ्ट, कधी दुसरी. मी घरात बसून भिंती बघणारी बाई नव्हे, म्हणून मीही काम शोधलं.

मला काम मिळालं ते गवताचं. मोठ्या गोडाऊनांच्या पुढे हल्ली लॉन असतं. म्हणजे गवत मुद्दाम लावायचं, त्याला पाणी घालायचं, आणि वाढलं की कापून टाकायचं. ना म्हशीला, ना शेळीला! गावी कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोरगी भ्रमिष्ट झाली. सुपरवायझरने विचारलं, "मशीन चलाना आता है?" मी म्हटलं, "तेल देखे बिना रस्सी नहीं खींचती." त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने दुसरं काही विचारलं नाही.

हे बाबांचं शिकवणं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून इंजिनाचं सगळं मला. पयलं तेल, मग चालू करायची दोरी. इंजिन गार असताना झाकण काढायचं, त्याला लागून आलेली काडी फडक्याने स्वच्छ पुसायची, परत आत घालायची, आणि पुन्हा बाहेर काढून तेलाची ओल कुठवर लागली ते बघायचं. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर विश्वास ठेवायचा नाही, तिला सगळीकडे तेल फासलेलं असतं. आमच्या काडीवर कंपनीच्या खुणेच्या नखभर वर बाबांनी करवतीच्या पात्याने स्वतःची खाच पाडली होती. तेल त्या खाचेपर्यंत हवं, असा घरातला नियम. मी त्यालाच नियम समजत मोठी झाले.

मग व्हायचं तेच झालं. लॉनच्या मशीनमध्ये मी पहिल्याच आठवड्यात खुणेच्या नखभर वर तेल भरलं आणि दोरी ओढली. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की गेटवरचा वॉचमन बादली घेऊन धावत आला. "मैडम, इसको तेल से नहलाया क्या?" सुपरवायझर म्हणाला. प्लग तेलाने माखला, हवेचा फिल्टर भिजला, मशीन दोन दिवस कोपऱ्यात पडून होतं. नोकरी जाते की काय, या धास्तीने मला जेवण गेलं नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते खो खो हसले. "अगं येडे, ती खाच आपल्या काठाची हाय! काठ उतरता, इंजिन तिरपं. तेल सगलं काडीच्या बाजूला जमतं, म्हणून काडीवर हाय त्याच्यापेक्षा जास्त दिसतं. मग वर नको भरायला? तुझं मशीन सपाटीवर. तिथं कंपनीची खूण बग." हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती, आमचं इंजिन तिथून हलणार होतं थोडंच! पुढे मी मशीन सपाट फरशीवर लावून, थोडं थांबून, काडी बघायला लागले आणि नोकरी टिकली.

वर्षं गेली. आई गेली. बाबा एकटे राहिले, आणि त्यांना काल्हेरला आणायचा विषय निघाला की तेच, इंजिन चालतंय तवर. स्वतः भाकरी थापायचे, कधी नुसतं दूध पिऊन झोपायचे. मला रोज त्यांची काळजी वाटायची आणि रोज त्यांचा रागही यायचा. असला कसला हट्ट?

मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "इंजिन धूर काढतंय गं, पांढरा. उठतंय पण दम न्हाय त्याला." दिनेश जेवत होता. घास खाली न ठेवताच म्हणाला, "बंद पडू दे. आपोआप येतील इकडे." मला त्याचा राग आला नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं.

रविवारी मी गेले. नदीकाठ ओळखू येईना. मागच्या बाजूला नवीन गोडाऊनचा रस्ता गेलाय, त्यासाठी मुरूम टाकून काठ भरून काढलेला. रस्तावाल्यांनी बाबांना पंपासाठी छान कोबा घालून दिला होता, इंजिन त्याच्यावर बसवलेलं. बाबा दोरी ओढत होते, धुरात खोकत होते, पुन्हा ओढत होते. मी झाकण काढलं, काडी पुसून घातली, बाहेर काढली. तेल बरोबर त्यांच्या खाचेला होतं. आणि कोबा ताटासारखा सपाट.

मला सगळं तिथेच कळलं. गप्प बसायचं होतं फक्त. तेवढं जादा तेल अजून थोडे दिवस फिरलं असतं, तर इंजिनाने मान टाकली असती आणि बाबा माझ्या घरी आले असते. मी झाकण लावलं. बाबा कोब्यावर टेकले आणि म्हणाले, "म्हातारं झालंय ते. मीपण झालोय. आता हे थांबलं का येतो तुझ्याकडं."

हेच शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. ते आले, आणि मला ऐकवेनात. वाटीभर जादा तेलावरून हा माणूस स्वतःला म्हातारा ठरवून बसला होता.

"बाबा, इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या खालचा काठ सपाट झालाय."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कोब्याकडे. टाच आपटून बघितली. मी खालचा नट सैल करून जादाचं तेल वाटीत काढलं, काडी कंपनीच्या खुणेला आणली, प्लग पुसला. तिसऱ्या ओढीला इंजिन उठलं. जरा वेळ धूर आला, मग विरला.

"मलाच न्हाय कळलं," बाबा म्हणाले. मोठ्याने हसले, पण डोळे भरून आलेले मला दिसले. मग पाइप खांद्यावर घेऊन वाफ्याकडे चालायला लागले. येण्याचं पुन्हा काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पडघ्यापर्यंत रिक्षात मी ढसाढसा रडले.

माझं घर आता काल्हेरला आहे, हे मी मान्य करते. पोरांची शाळा इथे, माझं काम इथे, दुकानदार मला नावाने ओळखतो. हॉलच्या खिडकीपाशी एक लोखंडी कॉट आहे. आई गेल्यावर बाबांसाठी घेतली होती, गादीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडतो. दिनेश म्हणतो, विकून टाकू, जागा अडते. मी विकू देत नाही. ते येणार नाहीत, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.