रेघेवरचा शिपाई

"आत या की भाऊजी. आता कोण आडवून राह्यलंय तुम्हाला?"

वहिनीचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. जालन्याच्या जुन्या छावणीतल्या बराकीत ती खाटेवर पडलेली, मी जेवणाचा डबा घेऊन दारात. तिचा मुलगा हसला. त्याला ती थट्टा वाटली. मी डबा उंबऱ्यावर ठेवला, बाजाराचं काहीतरी कारण सांगितलं आणि निघालो... त्याच आठवड्यात ती गेल्याचा निरोप आला. तिच्या त्या वाक्यात काय होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता ते माझ्या एकट्यापाशी उरलंय, म्हणून लिहितो.

ही छावणी एकेकाळी निजामाच्या मुलखाच्या सरहद्दीवरची. इंग्रजांच्या पलटणी इथं असत. माझे आजोबा त्यांच्या घोड्यांना कडबा पुरवत. मला कळू लागलं तोवर पलटणी उठून गेल्या होत्या. बराकींत कापसाच्या गाठी पडल्या, कवायतीच्या मैदानावर शेळ्या चरू लागल्या. पुढं गावात प्लेग आला तेव्हा दुखणेकरी ठेवायला त्याच जाड भिंती सोयीच्या वाटल्या. मैदानाभोवती चुन्याची रेघ मारली. घरच्यांनी भाकरी रेघेवर ठेवायची, हाक मारायची आणि मागं फिरायचं. पहाऱ्याला शिपाई असे.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, तिथं नेलं तेव्हा वहिनी तान्हं पोर आईच्या ओटीत घालून त्याच्याबरोबर गेली. भाकरी पोचवायचं काम माझं. एका दुपारी ती रेघेपर्यंत पळत आली. "भाऊजी, जल्दी चला. तुमचंच नाव घेऊन राह्यलेत. शिपाई न्हाई आत्ता."

खरंच नव्हता. रेघही पावसानं पुसट झालेली; ओलांडली असती तरी कुणाला कळलं नसतं. मला मरायची भीती वाटली, दुसरं काही नाही. मी पायांकडे बघत उभा राहिलो. ती जरा थांबली, भाकरीचं फडकं उचललं आणि एकटीच परत गेली. दिवस मावळायच्या आत दादा गेला.

घरी मी सांगितलं, शिपायानं सोडलं नाही. वहिनी परत आल्यावर आईनं तिलाही विचारलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. "लई हात जोडले भाऊजींनी," वहिनी म्हणाली, "बिलकुल सोडलं न्हाई मेल्यानं." आई मरेपर्यंत त्या नसलेल्या शिपायाला शिव्या देत राहिली, आणि मी मान डोलवत राहिलो.

पुढं त्याच बराकीत दवाखाना झाला आणि वहिनी तिथं कामाला लागली. प्रत्येक खाटेपाशी ती एक स्टूल ठेवायची. डॉक्टर कुरकुरायचे, "बाई, पायात येतंय हे." "येऊ द्या की. कुणी आलं तर बसंल कशावर?"

काल गेलो होतो. तिच्या खाटेवर टेंभुर्णीकडचा एक म्हातारा होता, डोळे मिटलेले. शेजारी स्टूल, रिकामं. उंबऱ्याशी पाय घुटमळले. कुणीच अडवत नव्हतं... आत जाऊन बसलो. म्हाताऱ्यानं डोळे न उघडताच विचारलं, "आला का रे?"

"आलो," मी म्हणालो.