चार्ज देताना खुनीही सांगितला

मंडळी, आज मनापासून चिडले आहे, म्हणून लिहिते.

व्हिक्टोरियन काळातली एक रहस्यकादंबरी आम्ही सहा जण सुपेल्यात माझ्या घरी वाचतो आहोत. त्या काळी ती मासिकात यायची तशीच, महिन्याला एक हप्ता. पुढचं वाचायचं नाही, एवढा एकच नियम.

बारापात्रेभाऊ आमच्यातले सगळ्यांत हौशी. दर वेळी नवा संशयित आणून भांडणार. आज मात्र गप्प होते.

"भाऊ, आज कोणावर संशय?"

"मले नका इचारू, ताई. मले मालूम आहे."

मागच्या बैठकीला ड्युटीमुळे भाऊ येऊ शकले नव्हते. आमच्यातलेच खोब्रागडे, प्लँटमधले त्यांचे सहकारी, आले होते, पण त्यांनी पुस्तक गुपचूप शेवटपर्यंत वाचलेलं. दुसऱ्या दिवशी प्लँटमध्ये शिफ्ट बदलताना त्यांनी बारापात्रेभाऊंना मशीनचा चार्ज दिला आणि सोबत कादंबरीचाही, खुन्याच्या नावासकट.

मी जाब विचारला, तर खोब्रागडे म्हणाले, "चार्ज काय अर्धा देत असतेत का, ताई?"

निघताना पुढचा हप्ता बारापात्रेभाऊंनी घेतला नाही. "तुम्ही अंदाज लावान अन् मी तोंड दाबून बसू? मंग येऊ कायले?"

बाकीच्यांची मजा जाऊ नये म्हणून हा बोलका माणूस आज पूर्ण वेळ तोंड मिटून बसला, याचं जास्त वाईट वाटलं.

अजून तीन हप्ते उरलेत. खुनी माहीत असलेली गोष्ट तुम्ही तीन महिने वाचाल का? वाचाल, तर कशासाठी, ते लिहा. मला उद्या बारापात्रेभाऊंना फोन करायचा आहे.