रंग न चढलेला डाग

आत्याबाईंच्या घशातून दुर्बीण खाली उतरली तेव्हा मी पडद्यासमोर उभी होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी धाराशिवात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये शरीरातून काढलेले तुकडे कापून काचपट्टीवर रंगवते, म्हणून डॉक्टरांनी मला आत थांबू दिलं. घास गिळताना छातीत टोचतं हे आत्याबाईंनी बेंबळीच्या घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाकरी कालवणात पार भिजवून खायला लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाय. कंदीच न्हाय."

"आणि सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"पान्याचा थेंब घेतला न्हाय बघा."

आणि आता पडद्यावर अन्ननलिकेच्या गुलाबी अस्तराला काळे कण चिकटलेले दिसले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला लगेच कळलं. मिसरी. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर जाळतात, तिची काळी पूड करतात आणि दातांना लावत बसतात. आत्याबाईंची सकाळ त्या डबीशिवाय उजाडत नाही. मात्र त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी मिसरी म्हणजे तंबाखूही नव्हे आणि खाणंही नव्हे, ते दात घासणं. त्या डबीवरून लग्न झाल्यापासून माझी कटकट चालू होती, आणि त्या वेळी मला इतका राग आला की त्यांना तिथंच उठवून भांडावंसं वाटलं.

डॉक्टरांनी पाणी सोडून कण धुतले, मग आयोडीन फवारलं. निरोगी अस्तर आयोडीनने तपकिरी होतं. वरून खालपर्यंत रंग चढत गेला, फक्त एका जागी चढला नाही. सारवताना हात न पोचलेली जागा उरते तसा एक फिकट डाग तिथं राहिला. डॉक्टरांनी चिमट्याने त्यातूनच तुकडे घेतले आणि बाटलीत टाकले.

बाटली आमच्याच लॅबमध्ये आली. माझी सहकारीण रजेवर होती, म्हणजे काम माझ्याच हातचं. डाळीएवढे ते तुकडे मेणात बसवून थंड केले, यंत्रावर पातळ काप काढले, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलले. हे मी रोज करते. त्या दिवशी मात्र पाण्यावर तरंगणारा तो काप माझ्या घरातला होता.

मग रंग. निळ्या रंगाने पेशीचं केंद्र उठून दिसतं, गुलाबीने बाकीची पेशी. बिघडलेल्या पेशींची केंद्रं मोठी आणि गडद होतात. बिघाड तळाच्या थरातून वर चढतो. तोवर तो कर्करोग नसतो, पण पुढे तिकडंच जाण्याची भीती असते. पेशी तळाची रेषा फोडून खाली उतरल्या की कर्करोग झालाच. आत्याबाईंचं सगळं त्या रेषेवर अवलंबून होतं. पट्टी निळ्या रंगात होती आणि मनात आलं, जरा लवकर काढावी. केंद्रं फिकी दिसतील, पट्टी तपासणाऱ्या डॉक्टरांना बिघाड कमी वाटेल. स्वतःचीच लाज वाटली. अशा लाडाने त्यांचा जीव गेला असता. मी पट्टी पूर्ण वेळ ठेवली.

आमच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या, आणि मी शेजारी उगाच टेबल पुसत राहिले. पट्टी कुणाची ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला आत्याबाई हव्या होत्या, भांडायला का होईना, पण हव्या होत्या.

"बिघाड बराच वर चढलाय," शेवटी मॅडम म्हणाल्या, "पण तळाची रेषा शाबूत आहे. दुर्बिणीतूनच काढता येईल. रंग छान आलाय गं, म्हणून रेषा इतकी स्पष्ट दिसते."

मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडले. मग त्यांना सांगितलं.

सोलापूरला दुर्बिणीतून तो डाग काढला. अधूनमधून तपासणी आता जन्माचीच आहे. काही दिवस पातळ पेज, मग मऊ भात, आणि पुढच्या तपासणीत सगळं खायला परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी मी चुलीपुढे पीठ मळत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या आणि कमरेची मिसरीची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. इतकी वर्षं मी याच क्षणासाठी चांगलं खडसून बोलायचं ठरवून ठेवलं होतं.

"नवी नवरी हुते," त्या म्हणाल्या. "भाकरी पुरायच्या न्हाईत. पैले गडीमानसं, मग लेकरं. सासूनं बोटावर मिसरी ठिवली. म्हनली, लाव, म्हंजी रानात भूक लागत न्हाय."

त्यांनी डबी उचलली आणि स्वतःच्या हातानं चुलीत रिकामी केली.

"आता लागू दे भूक," त्या म्हणाल्या. "टाक भाकर."