लेडीज गेटवरची रामकली

गोंदियाजवळ, कुडव्याच्या पुढं रस्त्याला लागून ईश्वरदास सेठची जुनी राइस मिल होती. तिचा 'सितारा क्लब' झाला तेव्हा मिलमधल्या दोनच गोष्टी जागच्या जागी राहिल्या. एक छपराच्या लोखंडी कैच्या, आणि दुसरी रामकली.

रामकली रहांगडाले जवळच्या नागरा गावची. नवरा गेला तेव्हा पोरगा टिकेश सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ती मिलवर जायची. उकडलेलं धान अंगणभर पसरायचं आणि उन्हात पायांनी रेघा ओढत ते परतायचं, हे तिचं काम. सात वर्षं तिनं त्या अंगणात रेघा ओढल्या. मग मिल बसली, सेठनं तिथं क्लब काढला आणि रामकलीला विचारलं, "बायकांच्या दारावर बसशील का? पर्स तपासायच्या." रामकली म्हणाली, बसते. पूर्वी पोती मोजून आत घ्यायची, आता पर्स उघडून आत घ्यायच्या, त्यात काय एवढं!

गाण्याचा आवाज वाढला की कैच्यांवर साचलेला जुना कोंडा खाली भुरभुरायचा. नागपूरहून आलेली पोरं टाळ्या वाजवायची. त्यांना वाटायचं, ही खास सोय केलीय. दुसऱ्या दिवशी तो कोंडा झाडायला रामकलीच.

नागऱ्यात मात्र सितारा म्हणजे साक्षात नरकाचं दार. ज्यांनी ते दार लांबूनही पाहिलं नव्हतं त्यांना आतलं सगळं माहीत होतं. कोणी म्हणे खाली तळघर आहे, कोणी म्हणे जमीनच काचेची आहे. शेजारचा बकाराम तर सांगायचा की तिथल्या साध्या पाण्यातही काहीतरी घातलेलं असतं. हाच बकाराम दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली आणि नाटक आलं की नाचणारीच्या अगदी पुढ्यात सतरंजी टाकून उजाडेपर्यंत बसायचा. पण ती मंडई पडली. तिथं बायकोला सांगून जाता येतं.

सगळंच काही खोटं नव्हतं म्हणा. सिताऱ्यात दारू होती, दोनदा मारामारी झाली, एकदा पोलिसांची गाडीही येऊन गेली. रामकलीनं ते कधी नाकारलं नाही. पण तिच्या ताब्यात फक्त बायकांचं दार होतं, आणि ते तिनं आपल्या पद्धतीनं चालवलं. एक स्टूल, एक टिनाचा डबा. डब्यात सुईदोरा, पिना, लिंबू, खोबरेल तेल आणि दोन जादाच्या ओढण्या. पोरगी दारात आली की पर्स बघायच्या आधी रामकली तिला विचारायची, "कोनाची वो तू? गाव कोनतं?" लग्नातल्या पंगतीत विचारावं तसं. शिकलेल्या पोरी हसायच्या, काही जणी खोटं सांगायच्या. एकीनं सांगितलं, मी आमगावच्या पटल्यांची. रामकली म्हणाली, "त्यायच्या घरी तं तीनही पोट्टेच आहेत बाप्पा, तू कधी झाली?" त्या पोरीनं नंतर खरं नाव सांगितलं आणि वर्षभर 'मामी, मामी' करत राहिली.

बाहेर पडताना दुसरा प्रश्न. "घरी कोन नेते?" भाऊ, मैत्रीण, ओळखीचा ऑटोवाला, काहीही चालायचं, पण उत्तर पाहिजे. उत्तर नसलं की रामकली दारात आडवा पाय घालून बसायची. सेठचासुद्धा तिथं इलाज चालत नसे.

तिला स्वतःला घरी कोण न्यायचं? कोणीच नाही. क्लब बंद झाला की ती चौकीदाराच्या खोलीशेजारी बाकड्यावर पडायची आणि सकाळी दुधाच्या गाडीत बसून नागऱ्याला उतरायची. उजाडता उजाडता उतरणारी बाई गावानं रोज पाहिली आणि गावानं आपला हिशेब लावला. टिकेशला शाळेत पोरांनी जे ऐकवलं ते त्यानं आईला कधी सांगितलं नाही, पण तिला ते कळायचं. पुढं त्यानं जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा रामकलीनं एकदाच, भीत भीत विचारलं होतं, "घ्याले येशील का रे?" टिकेश म्हणाला, "तिथं मी गाडी लावून उभा राहू? सारे लोक ओळखतात मले." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

मग करोनाची टाळेबंदी आली. क्लब बंद पडला, नंतर परवान्यात अडकला. पाच वर्षं रामकली घरी बसली. लोकांनी मान दिला, हळदीकुंकवाला बोलावलं. आणि खोटं कशाला बोलायचं, तिला करमेना. मान मिळत होता, पण 'मामी' म्हणून कोणी हाक मारत नव्हतं.

अशात एका सोमवारी सेठची गाडी दारात उभी राहिली. "रामकलीबाई, शुक्रवार को सितारा फिर खुल रहा है," सेठ ओट्यावर बसत म्हणाला. "नागपूरहून बाउन्सर आणले, पर्स तपासायचं मशीन आणलं. पर लेडीज गेट पे आपही चाहिए. पोरींच्या आया फोन करून विचारतात, मामी आहे का म्हणून."

रामकलीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. आया विचारतात! गावात शिव्या घालणाऱ्या त्याच आया!

पण टिकेश घरात होता. सेठ गेल्यावर तो म्हणाला, "माय, परवा आमगावले पोरगी पाहाले जाऊन राहिलो आपन. केशोराव कटरे कडक मानूस आहे. तू पुन्हा क्लबात जाशील तं हे सोयरिक गेली समज."

"मंग का सांगू?"

"कायले सांगतेस काही? माय घरीच राहते, असं मी सांगतो."

पोराचं लग्न व्हावं हे तिला क्लबपेक्षा हजारपट हवं होतं. सत्तावीस वर्षांचा झाला होता, दोन स्थळं तिच्या नावानंच मोडली होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं. सेठला नाही म्हणायचं.

बुधवारी दुपारी दोघं आमगावला पोचले. केशोराव कटरे म्हणजे शेतकरी गडी, पांढऱ्या मिशा, आवाज मोठा. पाय धुवायला पाणी आलं, पोहे आले, चहा आला. कुळं जुळत होती, पत्रिका जुळत होती. मग रविता पाण्याचे ग्लास घेऊन आली. उंच, सावळी, पंचविशीची. मान खाली. गोंदियाला बी.एड. करते, रोज गाडीनं जाते-येते, संध्याकाळची गाडी कधीकधी उशिरा येते, असं तिची आई सांगत होती.

आणि रामकलीच्या तोंडून निघून गेलं, "मंग स्टेशनावरून घरी कोन नेते वो?"

नऊ वर्षांची सवय ती. जिभेवरच बसलेली होती.

रविता ग्लास पुढं करता करता थांबली. तिनं मान वर केली आणि रामकलीकडं पाहिलं. रामकलीनं तिच्याकडं पाहिलं, आणि दोघींनी एकमेकींना ओळखलं.

केशोरावांना यातलं काही दिसलं नाही. ते मोठ्यानं हसले. "पाहा! सासूले आतापासूनच चिंता लागून राहिली. असंच पाहिजे जी. आजच्या जमान्यात कोन विचारते? आमची हे पोरगी एकदा गोंद्याले मैत्रिणीच्या वाढदिवसाले गेली, गाडी चुकली. मले एका बाईचा फोन आला. म्हने, तुमची पोरगी पेट्रोल पंपावर माझ्यापाशी आहे, घ्याले या. दीड तास ते बाई पोरीपाशी उभी होती! मी गेलो तं म्हने, घेऊन जा, रागावू नोका. तोंडावर पदर, नाव नाही सांगितलं. देवमानूस होती जी ते बाई. पाच वर्षं झाले, भेटली तं पाया पडीन म्हनतो."

रविताचा चेहरा पांढरा पडला होता. कारण वाढदिवस मैत्रिणीच्या घरी नव्हता, सिताऱ्यात होता. गाडी चुकली होती हे खरं, पण त्याआधी एक पोरगा 'मी सोडतो' म्हणून हात ओढत होता आणि रविता बायकांच्या दारात रडत उभी होती. रामकलीनं पाय आडवा घातला होता. तिनंच वडलांचा नंबर घेतला, तिनंच डब्यातली ओढणी अंगावर टाकली, आणि क्लबच्या दारात बापानं येऊ नये म्हणून पोरीला पंपापर्यंत चालवत नेलं.

"नाहीतर ते दुसरे लोक पाहा," केशोराव बोलतच होते. "कुडव्याचं ते डिस्को म्हने पुन्हा खुलून राहिलं. पोरी नासवायचा धंदा! तिथं काम करनाऱ्या बायांले तं गावात उभं नाही करू."

टिकेशनं घाईघाईनं मान हलवली. "हो ना जी. आमची माय तं घरीच राहते."

आता रामकलीनं काय करावं? एक वाक्य बोलली असती तर केशोराव तिच्या पाया पडले असते. पण ते वाक्य तिचं नव्हतं, रविताचं होतं. आणि गप्प बसली असती तर सोयरिक पक्की होती. सून घरात आली असती, आणि सासू-सून जन्मभर एका चुलीपाशी एकमेकींना भीत बसल्या असत्या. शिवाय, राग आला होता तिला. चांगलाच राग आला होता.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "केशोरावजी, तिथं लेडीज गेटवर बसते ते बाई मीच आहे. नऊ वर्षं बसली. शुक्रवारी पुन्हा जाऊन राहिली. पोराले शरम वाटते म्हनून तो लपवते. त्याचा गुन्हा नाही. मी कोनाची पोरगी नासवली नाही."

रविता आत निघून गेली. केशोराव उठले, चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. पाहुण्यांना निरोप द्यायची ही रीत सगळ्यांना समजते.

परतीच्या वाटेवर टिकेश एकदाच बोलला. "काऊन माय? एक दिवस तोंड बंद ठेवता नाही आलं?" रामकली मोटारसायकलवर त्याच्या पाठीमागं बसून रडत होती. वारा होता, त्याला ऐकू गेलं नसावं.

शुक्रवारी दुपारी चारला सितारा उघडला. ईश्वरदास सेठनं नारळ फोडला, भटजींनी दाराला हळद-कुंकू लावलं, काळ्या टी-शर्टमधले नागपूरचे बाउन्सर हात जोडून उभे राहिले. रामकली शेअर ऑटोनं एकटीच आली होती. टिकेश दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. बायकांच्या दारावर तिचंच जुनं स्टूल होतं. तिनं डबा मांडीवर घेतला आणि पिना मोजू लागली. एरवी तिला या दिवसाचा केवढा आनंद झाला असता.

साडेचारच्या सुमाराला एक मोटारसायकल येऊन थांबली. केशोराव कटरे, मागं रविता. त्यांच्यामागून आपल्या गाडीवर टिकेश. केशोरावांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं आणि तो गोंधळलेल्या तोंडानं गाडीवरच बसून राहिला. रामकली उठून उभी राहिली. आता इथं चारचौघांत तमाशा होतो की काय, याची तिला धास्ती वाटली.

"पोरीनं काल रात्री सांगितलं," केशोराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान होता. "सारं सांगितलं. दोन दिवस जेवली नाही, मंग सांगितलं." त्यांनी क्लबच्या पाटीकडं पाहिलं. "हे जागा मले पटत नाही. आजही पटत नाही, उद्याही पटनार नाही. पन तुमी त्या दिवशी माझ्या घरात बसून होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तं मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. काऊन नाही बोलल्या?"

रामकली रविताकडं पाहून म्हणाली, "पोरीचं होतं ना जी ते. माझं थोडीच होतं."

केशोराव वाकले. त्यांनी म्हटल्याप्रमाणं खरोखर पाया पडायला ते वाकले, आणि रामकली "अगा माय! हे का करता?" म्हणत मागं सरली. डबा पडला, पिना फरशीवर पसरल्या. रविता खाली बसून पिना वेचू लागली. वेचता वेचता तिनं मान वर केली.

"मामी," ती म्हणाली, "तुमाले घरी कोन नेते?"

शेकडो पोरींना तिनं हे विचारलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. "दुधाची गाडी राहते ना," ती कशीबशी म्हणाली. "सकाळी."

"सकाळी?" केशोराव म्हणाले, आणि त्यांनी टिकेशकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं.

टिकेश गाडीवरून उतरला. बाउन्सर, सेठ, हार घेऊन आलेली माणसं, रस्त्यावरून जाणारी कुडव्याची ओळखीची मंडळी, सगळ्यांच्या समोरून चालत तो बायकांच्या दारापर्यंत आला. त्याचे कान लाल झाले होते. रविताच्या शेजारी बसून त्यानं उरलेल्या पिना गोळा केल्या, डब्यात टाकल्या आणि डबा आईच्या हातात दिला.

"किती वाजता येऊ, माय?"

"साडेअकराले," रामकली म्हणाली, आणि डब्यात काहीतरी शोधायचं निमित्त करून तिनं तोंड फिरवलं.