‘बरां आसा’ ऐकणारा विनायक

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूच्या एका काचेच्या खोलीत पाहुण्यांना आमचं नवं बोलकं यंत्र दाखवत होतो. फोनवर त्याची बहीण मंगल होती. “दादा गेलो रे,” ती म्हणाली. आणि मी विचारलं, “कुठं?”... तिने फोन ठेवून दिला. दोन महिने होत आले, पण माझा तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात, ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर विनायक आणि मी मिळून कंपनी काढली होती. खनिजाच्या खाणी बंद, ट्रक उभे, दुकानात माशा मारणं चाललेलं, म्हणून मालकाने माडी हसत दिली. आमच्या अ‍ॅपचं नाव ‘उठलंय’. पोरं लंडन-दुबईला आणि म्हातारी माणसं इथे घरात एकटी. त्यांनी रोज सकाळी फोनचं बटण दाबून दोन शब्द बोलायचे, विनायकने ते ऐकायचे, आणि तिकडे मुलाच्या फोनवर ‘आई उठली’ असं उमटायचं. बस्स, एवढंच. पण लोकांनी त्याला असा जीव लावला की चतुर्थीला नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, डबे ठेवायला माडीवर टेबल पुरायचं नाही.

तानसेन नाही तर कानसेन तरी हवं म्हणतात. आमचा कानसेन विनायक. आमच्याकडची माणसं दुखलं-खुपलं सांगत नाहीत. अंगात ताप असला तरी म्हणणार, “बरां आसा.” विनायक त्या दोन शब्दांच्या आजूबाजूचं ऐकायचा. एकदा मांद्र्याच्या सुभद्राकाकींचं ‘बरां आसा’ ऐकून त्याने कान टवकारले. “हिणें अजून च्या घेवंक ना रे. जीभ सुकी लागता.” चहा घेतला नाही हे आवाजावरून कसं कळणार, म्हणून मी हसलो. त्याने त्यांच्या शेजारणीला फोन लावला. काकी पाय मुरगळून पडवीतच बसल्या होत्या, चुलीपर्यंत जाता येत नव्हतं. मुलगा दुबईला निर्धास्त.

मग गुंतवणूकदार आले. माणसं कानाला फोन लावून बसली तर धंदा वाढणार कसा, हा त्यांचा सवाल. ‘उठलंय’ बंद करा, सगळं एआयवर नव्याने बांधा, गावोगावच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारं यंत्र करा. विनायक एवढंच म्हणाला, “यंत्राक ‘बरां आसा’ म्हळ्यार बरेंच दिसतलें मरे.” यंत्र नुसत्या शब्दांवर जाणार हे मलाही कळत होतं, तरी मी मूग गिळून बसलो आणि करारावर सही केली. त्याला मी वाईट माणूस वाटू नये म्हणून ‘सल्लागार’ असं पदही देऊन टाकलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

नव्या यंत्राच्या चाचणीला आम्ही जुनीच माणसं घेतली. एका सकाळी सुभद्राकाकी म्हणाल्या, “बरां आसा रे बाबा. येतंय हां मी.” आपल्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, ते यंत्राला कोण सांगणार? त्याने मोठ्या आनंदाने विचारलं, “वा! कधी येताय?” पलीकडून उत्तर आलं नाही. यंत्राने हिरवी खूण केली आणि मुलाला कळवलं, आई मजेत आहे, कुठेतरी जायचा बेत दिसतो. दुपारी शेजारीण मासे द्यायला गेली, तेव्हा काकी गेलेल्या होत्या.

तो आवाज विनायकने माडीवर येऊन एकदाच ऐकला. टेबलावरचा चष्मा उचलला आणि जिना उतरला. पुढे महिनाभराने मी आमोण्याला त्याच्या घरी गेलो. तो नदीकाठच्या शेतातून आला, पाय धुतले, माझ्यासमोर चहा ठेवला. मी माफी मागायला गेलो होतो, पावसापाण्याचं बोलून परत आलो. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणखी चार महिन्यांनी भाताच्या खळ्यावर त्याचं हृदय थांबलं.

बाराव्याला मंगलने माझ्या हातात त्याचा फोन दिला. “ह्या फोनार सकाळचे आवाज येतात. दादा आयकतालो. आतां तूं आयक.” मला पत्ताही नव्हता. ‘उठलंय’ बंद पडल्यावर त्याने अकरा म्हाताऱ्यांना आपला नंबर दिला होता. तो गेल्याचं त्यांना सांगायला हवं... मला अजून जमलेलं नाही.

रोज सकाळी मी अकरा आवाज ऐकतो. अकराही जण बरे असतात. विनायकला त्यात काय ऐकू यायचं, मला कळत नाही. काल एक आजोबा बोलण्याआधी बराच वेळ थांबले, मग म्हणाले, “बरां आसा.” मी ते सात-आठ वेळा ऐकलं. फोन करावा का, कुणाला करावा, काही सुचेना. शेवटी मी तो आवाज आमच्या यंत्राला ऐकवला. ‘सर्व ठीक’ असं उत्तर आलं, आणि, सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.